विश्लेषण : नैरोबीच्या झोपडपट्ट्यांतील मृत्यू शहराच्या सरासरीत का दिसत नाहीत?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावली, तेव्हा औषधे आणि अन्नधान्य थांबल्याची चर्चा झाली. त्याच झपाट्यात आणखी एक गोष्ट बंद पडली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ती म्हणजे १९८४ पासून गरीब आणि विकसनशील देशांत घरोघरी जाऊन आरोग्याची माहिती गोळा करणारा ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे’ हा कार्यक्रम. आफ्रिकेतील अनेक देशांत किती बालके दगावतात, हे सांगणारा सर्वात भरवशाचा स्रोत तोच होता. मात्र या सर्वेक्षणालाही न दिसणारी माणसे आफ्रिकेच्या शहरांत लाखोंनी राहतात. त्यांना मोजण्याचा सर्वात चिवट प्रयत्न केनियाची राजधानी नैरोबी येथे झाला. तो कसा झाला, त्यातून काय उघड झाले आणि आता त्याच वस्त्यांमध्ये सरकार वेगळ्याच कारणासाठी दार का ठोठावत आहे, याचा हा आढावा.

शहराची सरासरी कशी फसवते?

नव्वदच्या दशकापर्यंत आरोग्यतज्ज्ञांमध्ये एक समज पक्का होता : शहरातले मूल खेड्यातल्या मुलापेक्षा जास्त जगते. शहरात रुग्णालय जवळ, डॉक्टर जवळ, नळ जवळ. केनियाच्या १९९८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानेही तेच सांगितले. ग्रामीण भागात दर हजार जन्मांमागे सुमारे ११३ बालके पाच वर्षांची होण्याआधी मरत होती, तर नैरोबीत हे प्रमाण सुमारे ६२ होते. म्हणजे राजधानी सुरक्षित, असा निष्कर्ष निघाला.

‘आफ्रिकन पॉप्युलेशन अँड हेल्थ रिसर्च सेंटर’ या नैरोबीतील संस्थेने २००० मध्ये फक्त शहरातील झोपडपट्ट्यांचे वेगळे सर्वेक्षण केले. तिथे हाच आकडा निघाला दर हजारी सुमारे १५१. शहराच्या सरासरीच्या जवळपास अडीचपट आणि ज्या खेड्यांतून हे लोक पोटासाठी आले, त्या खेड्यांपेक्षाही जास्त. राष्ट्रीय सर्वेक्षणाने खोटे काही सांगितले नव्हते. नैरोबीचे ६२ हे वेस्टलँड्स, कारेन यांसारख्या सुखवस्तू भागांतील मुले आणि पत्र्याच्या खोलीतील मुले एकत्र घालून काढलेले होते. शिवाय राष्ट्रीय सर्वेक्षणात एका शहराच्या वाट्याला येणारी घरे मोजकीच असतात. त्यांत झोपडपट्टीतील घरे किती येतील, हे नमुना कोणत्या यादीवरून काढला यावर ठरते. यादी जुन्या जनगणनेची असेल आणि नंतर उभी राहिलेली वस्ती त्यात नसेलच, तर तिथले मूल जगले काय आणि मेले काय, सरासरीला फरक पडत नाही.

हा तपशील आज महत्त्वाचा का? संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन-हॅबिटॅट’नुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत शहरी लोकसंख्येपैकी निम्म्याहून अधिक लोक झोपडपट्टीसदृश वस्त्यांत राहतात. म्हणजे तिथे ‘शहरी सरासरी’ ज्याला म्हणतात, ती निम्म्या शहराचे दुःख उरलेल्या निम्म्याच्या सुखात विरघळवून काढलेली असते.

साधी डोकी मोजणे इतके अवघड आहे?

किबेराचे उदाहरण घ्या. नैरोबीतील ही वस्ती ‘आफ्रिकेतील सर्वात मोठी झोपडपट्टी’ म्हणून जगभर सांगितली जाते. तिथे दहा लाख लोक राहतात, असे वर्षानुवर्षे माहितीपट, देणगीची पत्रके आणि बातम्या सांगत आल्या. २००९ च्या जनगणनेत किबेराची लोकसंख्या निघाली १ लाख ७० हजार ७०. केनियाच्या वृत्तपत्रांनी हा फरक छापला तेव्हा गदारोळ झाला. जनगणनेने माणसे सोडली, असा काहींचा आरोप होता. मोठा आकडा स्वयंसेवी संस्थांना निधीसाठी सोयीचा होता, असे प्रत्युत्तर आले. दोन्हींत तथ्य असू शकते, पण सहापट चूक नुसत्या सुटलेल्या घरांनी होत नाही. दहा लाख कोणी मोजलेच नव्हते, एकाने लिहिले आणि बाकीच्यांनी ते उचलले, हे जास्त पटते.

नकाशाचीही तीच गत. २००९ च्या अखेरीपर्यंत सर्वसामान्यांना उपलब्ध असलेल्या नकाशांवर किबेराच्या जागी जवळपास कोरा तुकडा होता. मग वस्तीतल्याच तरुणांनी हातात जीपीएस घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या आणि पाण्याच्या जागा, शौचालये, दवाखाने, शाळा ‘ओपन स्ट्रीट मॅप’वर टाकल्या. ‘मॅप किबेरा’ या नावाने ते काम ओळखले जाते.

आकडा फुगवला काय किंवा दाबला काय, नुकसान वस्तीचेच. फुगवलेल्या आकड्याने आजाराचे प्रमाण खोटेच कमी दिसते, कारण छेद मोठा होतो. दाबलेल्या आकड्याने दवाखाने, लस आणि पाणी कमी मंजूर होते.

घरोघरची नोंद चालते कशी?

एकदाच जाऊन प्रश्नावली भरणे म्हणजे छायाचित्र. नैरोबीत त्याऐवजी चित्रफीत घ्यायचे ठरले. कोरोगोचो आणि विवांदानी या दोन वस्त्यांत २००२ पासून नियमित नोंदणी सुरू झाली. आधी पूर्ण वस्तीची शिरगणती झाली, प्रत्येक बांधकामाला, खोलीला आणि माणसाला क्रमांक मिळाला. त्यानंतर पुढे अनेक वर्षे दर चार महिन्यांनी त्याच दारात जाऊन विचारायचे : कोणी जन्मले? कोणी गेले? कोणी राहायला आले? कोणी सोडून गेले? कोणी गरोदर आहे? लस दिली का? अशा नोंदीत एका वेळी साठ-सत्तर हजार माणसे होती. शहरी झोपडपट्टीतील लोकसंख्येचा असा सलग माग काढणारे केंद्र आफ्रिकेत त्याआधी नव्हते.

दोन वस्त्या मुद्दाम निवडल्या होत्या. कोरोगोचो जुनी, दंडोराच्या कचरा डेपोला लागून, कुटुंबे तिथे दीर्घकाळ राहणारी. मुंबईच्या वाचकाला देवनारच्या कुशीतील वस्त्या आठवल्या, तर चूक नाही. विवांदानी औद्योगिक पट्ट्याजवळची, इथे कारखान्यात रोजंदारी शोधणारे तरुण जास्त, बायकामुले गावी ठेवून आलेले पुरुषही पुष्कळ. दोन्हीकडे घनता चौरस किलोमीटरला ५० हजारांच्या वर, आणि तीही मजले न चढवता, बहुतेक बैठ्या पत्र्याच्या खोल्यांत.

अडचण इथे सुरू होते. या वस्त्यांत दर वर्षी साधारण एक चतुर्थांश माणसे बदलतात. समजा, वर्षाच्या सुरुवातीला एका गल्लीत १०० जण होते आणि वर्षाअखेरीसही १०० आहेत. पण त्यातले २५ जण नवे आहेत आणि २५ जुने निघून गेले. वर्षभरात पाच मृत्यू झाले. मृत्यूदर काढताना भागायचे कशाने? १०० ने की १२५ ने? उत्तर : दोन्हींनी नाही. प्रत्येक माणूस त्या गल्लीत किती दिवस राहिला, ते दिवस जोडायचे आणि त्या बेरजेने भागायचे. सहा महिने राहिलेला माणूस म्हणजे अर्धे वर्ष. हे गणित शाळकरी आहे, पण त्यासाठी येण्याची आणि जाण्याची तारीख हवी, आणि ती तारीख मिळवण्यासाठी कोणीतरी पुन:पुन्हा त्या दारात उभे राहावे लागते. एकदाच येणाऱ्या पाहणीला गेलेला माणूस दिसतच नाही.

त्यातही एक चकवा आहे. शहरात आजारी पडलेला मजूर शेवटचे दिवस काढायला गावी जातो. वस्तीच्या नोंदीत तो ‘स्थलांतरित’ म्हणून बंद होतो, ‘मृत’ म्हणून नाही. वस्ती आहे त्यापेक्षा निरोगी दिसते आणि मृत्यू गावाच्या खात्यावर पडतो. दक्षिण आफ्रिकेतील अगिनकोर्ट या ग्रामीण नोंदणी क्षेत्रात हीच गोष्ट उलट्या टोकाकडून दिसली होती. एड्सच्या काळात शहरातून परतलेल्या कामगारांचे मृत्यू तिथे वाढत होते. एकाच माणसाची अर्धी गोष्ट शहरात आणि अर्धी गावात लिहिली जाते आणि दोन्ही वह्या सहसा एकमेकींना भेटत नाहीत.

सलग नोंदीचा फायदा काय, याचे एक बोलके उदाहरण नैरोबीतच मिळाले. झोपडपट्टीत सर्वाधिक धोका कोणत्या मुलांना, हे तपासताना संशोधकांनी मुलांची आईच्या स्थलांतरानुसार विभागणी केली. पोटात बाळ असताना वस्तीत राहायला आलेल्या बायकांच्या मुलांना मृत्यूचा धोका सर्वात जास्त निघाला. ओळखपाळख नाही, दवाखाना कुठे ते ठाऊक नाही, शेजारीण उधार पैसे देण्याइतकी जवळची झालेली नाही, अशा अवस्थेत आलेली ती बाई. एका भेटीच्या सर्वेक्षणात तिची ‘झोपडपट्टीतील माता’ एवढीच नोंद झाली असती.

मृत्यूचे कारण कसे कळते?

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत पाच वर्षांखालील मुलांपैकी जन्मनोंदणी झालेली मुले जेमतेम निम्मी आहेत. मृत्यूंची नोंद त्याहून कमी आणि कारणासह नोंद तर अपवादानेच. झोपडपट्टीत घरी झालेल्या मृत्यूला डॉक्टर नसतो, प्रमाणपत्र नसते. अशा वेळी ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ नावाची पद्धत वापरतात. मृत्यूनंतर काही काळाने प्रशिक्षित कर्मचारी घरी जाऊन जवळच्या माणसाला विचारतो : ताप किती दिवस होता? श्वास लागत होता का, छाती आत ओढली जात होती का? जुलाबात रक्त होते का? बाळ जन्मल्यावर रडले होते का? ही उत्तरे दोन डॉक्टर वेगवेगळी वाचून कारण ठरवतात. त्यांचे जुळले नाही तर तिसरा पाहतो. अलीकडे हे काम संगणकीय प्रारूपही करते.

मराठी वाचकांना ही पद्धत परकी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावागावांतील बालमृत्यूंची कारणे याच मार्गाने शोधली आणि त्यासाठीचे निकष १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडले.

नैरोबीत या पद्धतीने काय दिसले? २००३ ते २००५ या काळातील मृत्यूंचा अभ्यास कॅथरीन क्योबुटुंगी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. (क्योबुटुंगी पुढे याच संस्थेच्या कार्यकारी संचालक झाल्या.) पाच वर्षांवरील लोकांत अकाली मृत्यूंचा सुमारे निम्मा भार एड्स आणि क्षयरोगाचा होता. त्यानंतर क्रमांक लागत होता तो इजांचा. यात रस्ते अपघात होते आणि मारहाण, चाकू, गोळी असे हिंसेतून झालेले तरुण पुरुषांचे मृत्यूही होते. मुलांमध्ये न्यूमोनिया, अतिसार आणि मृतजन्म ही आघाडीची कारणे होती. तरुणांच्या हिंसक मृत्यूंचे एवढे प्रमाण आरोग्य खात्याच्या कोणत्याही रकान्यातून दिसले नसते, कारण अशा मृत्यूंची वाट रुग्णालयातून जातेच असे नाही.

रुग्णालयात प्रसूती, तरी मातामृत्यू का?

माता-आरोग्याचा विषय या साऱ्यात सर्वात शिकवणारा. या दोन वस्त्यांतील मातामृत्यूचे प्रमाण २००३-०५ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ७०६ निघाले. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातला देशाचा आकडा ४१४ होता. गंमत म्हणजे प्रसूती घरी होतात म्हणून माता मरतात, हे नेहमीचे स्पष्टीकरण इथे लागू पडेना. सुमारे ७० टक्के बायका ‘दवाखान्यात’ बाळंत झाल्याचे सांगत होत्या.

मग संशोधक त्या दवाखान्यांत गेले. वस्तीतले अनेक दवाखाने म्हणजे पत्र्याच्या एक-दोन खोल्या, त्यांत एक खाट आणि प्रशिक्षणाचा पत्ता नसलेली व्यक्ती. रक्तस्राव झाला तर रक्त नाही, बाळ अडले तर शस्त्रक्रिया नाही, रात्री गाडी नाही. किमान निकष पाळणारे, प्रशिक्षित व्यक्ती असणारे ठिकाण एवढीच अट लावली, तेव्हा ७० टक्क्यांचे ४८ टक्के झाले. उरलेल्या २२ टक्के बायका कागदोपत्री ‘संस्थात्मक प्रसूती’त मोजल्या गेल्या असत्या.

‘संस्थात्मक प्रसूती’ हा आपल्याकडेही आरोग्य खात्याचा लाडका आकडा आहे. प्रश्नावलीत ‘दवाखाना’ असा एकच रकाना असेल, तर उत्तर देणारी बाई खोटे बोलत नाही आणि तरीही उत्तर खोटे ठरते. घराची माहिती आणि दवाखान्याची माहिती एकमेकांशी ताडून पाहिली, म्हणूनच नैरोबीत हे कळले.

२०१२ मध्ये झोपडपट्ट्यांचे सर्वेक्षण पुन्हा झाले, तेव्हा बालमृत्यूचे प्रमाण २००० च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले होते. लसीकरण, एड्सवरील मोफत औषधे, मुलांना होणारी लागण रोखण्याचे उपाय आणि काही प्रमाणात पाण्याची सोय, अशी कारणे त्यामागे होती. म्हणजे चित्र हलले, आणि ते हलले हेही मोजल्यामुळेच कळले.

अशा नोंदींनी जगाचे धोरण बदलले आहे का?

बदलले आहे, आणि तेही आफ्रिकेच्या पश्चिम टोकावरील एका छोट्या देशामुळे. गिनी-बिसाऊची राजधानी बिसाऊ येथील बांदिम या उपनगरात १९७८ पासून अशीच घरोघरची नोंद चालू आहे. डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ पीटर आबी तिथे कुपोषणाचा अभ्यास करायला गेले होते. १९७९ मध्ये गोवराची मोठी साथ आली. कुपोषित मुलेच गोवराने मरतात, असे तेव्हा मानले जाई. नोंदी तपासल्यावर दिसले वेगळेच : घरातल्याच दुसऱ्या मुलाकडून लागण झालेली मुले जास्त मरत होती. दाटीवाटीच्या घरात विषाणूचा मारा मोठा आणि सतत होतो, हा त्याचा अर्थ. मुलाच्या वजनाइतकीच घरातल्या माणसांची संख्या जीवघेणी होती.

याहून मोठी गोष्ट पुढे घडली. लहान बाळांना लवकर संरक्षण मिळावे म्हणून गोवराची जास्त मात्रेची लस देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये केली. ती लस गोवर रोखत होती, त्याबद्दल शंका नव्हती. पण बांदिमसारख्या ठिकाणी लस दिल्यावरही मुलांच्या घरी जाणे थांबत नाही. त्या पाठपुराव्यात दिसले की जास्त मात्रेची लस घेतलेल्या मुलींमध्ये नंतरच्या काळात मृत्यू वाढत होते. सेनेगल आणि हैतीतील आकडेही त्याच दिशेचे होते. १९९२ मध्ये ही शिफारस मागे घेण्यात आली. गोवर झाला की नाही एवढेच कोणी पाहिले असते, तर लस यशस्वी ठरली असती. मूल जिवंत आहे की नाही, हे पाहणारी वही तिथे होती म्हणून चूक सापडली. आबी यांच्या गटाने लशींच्या इतर परिणामांबद्दल नंतर मांडलेल्या काही दाव्यांवर मात्र शास्त्रज्ञांत आजही जोरदार मतभेद आहेत, हेही नोंदवायला हवे.

दार उघडणाऱ्याला काय मिळते?

हा प्रश्न या क्षेत्रातील माणसे थोड्या अस्वस्थपणेच हाताळतात. वर्षातून तीनदा कोणीतरी येतो, तासभर विचारतो, आभार मानून जातो. छप्पर गळतेच. नळाला पाणी नसतेच. काही वर्षांनी लोक म्हणू लागतात, तुम्ही आमच्यावर पदव्या घेतल्या, आम्हाला काय? मग कुटुंबे दार उघडत नाहीत, किंवा लवकर सुटका व्हावी म्हणून ‘सगळे ठीक’ असे उत्तर देतात. याला संशोधनाचा कंटाळा म्हणा. तो आला की आकडे हळूहळू पोकळ होऊ लागतात आणि आलेखावरून ते ओळखता येत नाही.

किबेरातील गटवेकेरा भागात २००६-०७ पासून केनियाची वैद्यकीय संशोधन संस्था आणि अमेरिकेची ‘सीडीसी’ यांनी संसर्गजन्य आजारांची पाहणी सुरू केली. तिथे यावर एक उपाय होता : नोंदणी झालेल्या कुटुंबांना जवळच्या दवाखान्यात मोफत उपचार. त्यामुळे लोक आले, रक्ततपासण्या झाल्या आणि किबेरात विषमज्वराचे प्रमाण ग्रामीण केनियातील तशाच पाहणीपेक्षा अनेकपट असल्याचे पुराव्यानिशी समोर आले. विषमज्वराची नवी लस शहरी वस्त्यांत आधी द्यावी, या मताला बळ देणाऱ्या पुराव्यांत हा एक होता.

दुसरा मार्ग लोकांनी स्वतःच मोजण्याचा आहे, आणि त्याचे मूळ मुंबईत आहे. १९८५ मध्ये पदपथवासीयांच्या बेदखलीचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकालाला येत असताना ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांची गणना केली आणि ‘आम्ही अदृश्य’ अशा अर्थाच्या नावाने अहवाल काढला. ‘ही तात्पुरती, कालपरवा आलेली माणसे’ हा पालिकेचा समज त्या आकड्यांनी खोडून काढला. पुढे जॉकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवासीयांची संघटना आणि ‘महिला मिलन’ यांच्यासोबत ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत आणि तिथून केनियात गेली. केनियातील ‘मुउंगानो’ ही झोपडपट्टीवासीयांची चळवळ त्याच जाळ्यातली. नैरोबीतील मुकुरू पट्टा, ज्यात विवांदानीही येते, २०१७ मध्ये ‘विशेष नियोजन क्षेत्र’ जाहीर झाला. त्यामागे रहिवाशांनी स्वतः गोळा केलेली माहिती होती. पक्क्या वसाहतीतील लोकांपेक्षा मुकुरूतील लोक पाण्यासाठी आणि विजेसाठी युनिटमागे जास्त पैसे मोजतात, हे त्यातून दाखवता आले. गरीब असण्याचा दंड, असे त्याला तिथे म्हणतात.

तरी त्याला मर्यादा आहेतच. २०२४ च्या मुसळधार पावसानंतर नैरोबीत नदीकाठची हजारो घरे पाडण्यात आली. मुकुरू आणि माथारेही त्यात होते. घर पडले की त्या घराचा क्रमांक वहीत राहतो, माणसे कुठे गेली ते कळत नाही.

आता सरकार दारात का येते आहे?

इथून पुढचा भाग नवा आहे आणि जास्त नाजूक. २०२३ मध्ये केनियाच्या सरकारने सुमारे एक लाख ‘कम्युनिटी हेल्थ प्रमोटर’ नेमले. आपल्याकडील ‘आशा’ कार्यकर्त्यांशी मिळतेजुळते हे काम. प्रत्येकीकडे साधारण शंभर घरे, एक पेटी आणि एक स्मार्टफोन. गरोदरपण, रक्तदाब, लसीकरण याची नोंद थेट फोनवर. जे काम संशोधन संस्था दोन वस्त्यांत करत होती, ते तत्त्वतः देशभर होऊ लागले. ही चांगलीच गोष्ट आहे.

पण ऑक्टोबर २०२४ पासून जुनी आरोग्य विमा योजना बंद करून नवे ‘सोशल हेल्थ ऑथॉरिटी’ सुरू झाले. नोकरदारांच्या पगारातून २.७५ टक्के कापले जातात. पण फेरीवाला, हमाल, धुणीभांडी करणारी बाई यांचे उत्पन्न कसे ठरवायचे? त्यासाठी घरालाच प्रश्न विचारले जातात. छप्पर कशाचे, पाणी कुठून, शौचालय कसले, घरात कोणकोणत्या वस्तू. उत्तरांवरून संगणक उत्पन्नाचा अंदाज बांधतो आणि हप्ता ठरवतो. किमान ३०० शिलिंग महिना, आणि असंघटित कामगाराने तो वर्षाचा एकदम भरायचा. या पद्धतीत गरिबांवर ऐपतीपेक्षा जास्त हप्ता बसतो, अशा तक्रारी सुरुवातीपासून होत आहेत.

आता विवांदानीतल्या बाईच्या जागी उभे राहून पाहा. गेली वीस वर्षे कोणीतरी येऊन तिला छपराबद्दल, पाण्याबद्दल, घरातल्या दूरचित्रवाणीबद्दल विचारत होते. खरे सांगून तिचे काही जात नव्हते, मिळतही नव्हते. आता त्याच प्रश्नाला खरे उत्तर दिले तर हप्ता वाढू शकतो. फोन हातात घेऊन दारात उभी असलेली व्यक्ती संशोधक आहे, आरोग्य कार्यकर्ती आहे की हप्ता ठरवणारी, हे तिने कसे ओळखायचे? शंका आली की ती दूरचित्रवाणी लपवेल आणि खोलीत राहणाऱ्या भाच्याला मोजणार नाही. त्या एका वगळलेल्या माणसाने आरोग्याचा आकडाही चुकेल. केनियात २०१९ पासून माहिती संरक्षण कायदा आहे. एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरू नये, हे तत्त्व त्यात आहे. पण दारात उभ्या माणसाला कायद्याचे कलम दिसत नाही, तिला फोन दिसतो.

खर्च कोण उचलणार?

अशा नोंदणीला छपाई-संगणकापेक्षा पगाराचा खर्च जास्त असतो. दर फेरीला शंभरेक माणसे गल्लीत फिरावी लागली, तरी वर्षअखेरीस दाखवायला नवे यंत्र नसते, नवी इमारत नसते. रॉकफेलर, ह्युलेट, वेलकम यांसारखे प्रतिष्ठान आणि स्वीडनची सरकारी मदत यांवर नैरोबीचे काम उभे राहिले. देणगीदाराचा प्रकल्प तीन-पाच वर्षांचा असतो. नोंदीची किंमत मात्र दहाव्या-पंधराव्या वर्षी कळू लागते. मधली एक फेरी चुकली, तर त्या काळात येऊन गेलेली माणसे कायमची निसटतात.

‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे’ बंद झाल्यावर गेट्स फाउंडेशनने काही काळापुरता निधी देऊन अर्धवट राहिलेल्या सर्वेक्षणांना हात दिला. पण तो कायमचा तोडगा नाही. केनियाचे असे शेवटचे सर्वेक्षण २०२२ मध्ये झाले, त्यात देशाचा बालमृत्यू दर हजारी ४१ पर्यंत उतरलेला दिसला. नैरोबीच्या पत्र्याच्या खोल्यांत तो किती आहे, हे त्या आकड्यावरून काढता येत नाही.

भारताची स्थिती या बाबतीत बरी आहे. आपले ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण’ त्याच जागतिक कार्यक्रमाच्या धर्तीवर १९९२-९३ मध्ये सुरू झाले. मात्र ते मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते आणि खर्चाचा भार आता मुख्यतः केंद्र सरकारवर आहे. पुण्याजवळ वढू येथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने गावांची सलग नोंद ठेवली आहे, ती नैरोबी आणि बिसाऊच्याच जागतिक जाळ्याचा भाग होती. पण शहरी झोपडपट्टीचे काय? २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मुंबई, नागपूरसह आठ शहरांतील झोपडपट्टी आणि बिगरझोपडपट्टी अशी वेगवेगळी आकडेवारी काढली होती.  २०२१ ची जनगणना लांबून आता २०२७ मध्ये होते आहे. तोवर मुंबईतील नमुने ज्या याद्यांवरून काढले जातात, त्या २०११ च्याच आहेत.